जुनी मोटार : आधी सम, मग तान

इंदूरहून भोपाळकडे निघालेल्या माणसाला देवास मागे टाकल्यावर तीसेक किलोमीटरवर सोनकच्छ लागते. काळी सिंध नदीच्या काठचे हे गाव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल ते मोटारीच्या किंवा बसच्या खिडकीतून. पुष्पगिरीला जाणारे भाविक आणि गंधर्वपुरीच्या जुन्या मूर्ती पाहायला जाणारे चार रसिक सोडले, तर येथे मुद्दाम उतरणारा प्रवासी विरळाच. मी मात्र महिन्यातून दोनदा येथे उतरतो. एक कारण म्हणजे गावातील चार-पाच मुलांची गाण्याची शिकवणी. आणि दुसरे म्हणजे हमरस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बसणारे, सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री. पहिल्या ठिकाणी मी शिकवायला जातो, दुसऱ्या ठिकाणी शिकायला.

आजचा लेख या दुसऱ्या शिकवणीविषयी आहे. गाण्याच्या मास्तराने मोटारीवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या वर्षभरात ओळखीच्या निदान सहा-सात घरांतून मला एकच प्रश्न आला आहे. ‘वडिलांची जुनी फियाट दारात उभी आहे. मुले म्हणतात, हिला जरा पळती करू या. काय बसवावे?’ आपल्या जुन्या घरांतून अशी गाडी म्हणजे नुसते वाहन नसते. तिच्यातून मुलीची पाठवणी झालेली असते, नातवंडे प्रथम घरी आलेली असतात, आजोबा अखेरचे इस्पितळात गेलेले असतात. ती विकवत नाही. आणि आहे तशी चालवावी, तर चौपदरी रस्त्यावर मागचे ट्रक भोंगे वाजवून जीव नकोसा करतात. अशा वेळी कोणती सुधारणा करावी आणि ती कोणत्या क्रमाने करावी, याचे उत्तर मी फार महागात शिकलो. ते इतरांना तरी स्वस्तात मिळावे, म्हणून हे चार शब्द.

दक्षिणेत आलेली गाडी

माझे वडील दरबारी गायकांच्या अगदी शेवटच्या पिढीतले. संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीतही नव्हते. दरबार गेला, नेमणूक गेली, शिकवण्या तेवढ्या उरल्या. त्यांच्या एका व्यापारी शिष्याने १९८२ साली गुरुदक्षिणा म्हणून त्यांच्या दारात एक प्रीमियर पद्मिनी आणून उभी केली. मी तेव्हा रांगत होतो. वडिलांनी चाक कधी हाती धरले नाही. ते मागच्या बाकावर बसत आणि दोन तंबोरे त्यांच्या मांडीवर आडवे असत. उस्ताद अमीर खाँसाहेबांनी अतिविलंबित लय साऱ्या देशाला ऐकायला शिकवली, आणि तेच १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटारीच्या अपघातात गेले. इंदूरच्या गाणाऱ्यांच्या घरांत ती तारीख कोणी विसरत नाही. वडील तर गाडी दारातून हलण्यापूर्वीच चालकाला सांगत, ‘सावकाश. बैठक आपल्यावाचून सुरू होणार नाही.’

ही गाडी ज्या घराण्यातली, त्याचे मूळ पुरुष आपले सोलापूरकर शेठ वालचंद हिराचंद. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट ११०० चे निरनिराळे अवतार निघत राहिले. १९६४ ची डिलाइट आणि १९७४ साली नाव बदलून आलेली पद्मिनी ही त्याच वंशातली. विसावे शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिची भावंड म्हणावी अशी अँबॅसडर त्यापूर्वीच, २०१४ च्या मे महिन्यात, बंद झाली होती. तेव्हा आज आपल्या दारातली फियाट म्हणजे जिचा कारखाना उरलेला नाही अशी वस्तू आहे. तिच्यावर चुकीचा प्रयोग केला, तर तो निस्तरायला मागे कोणी नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

यंत्र म्हणून ती साधी आहे. चार सिलिंडर, १०८९ घन सेंटिमीटर, शक्ती चाळीसेक अश्वांची. बीड लोखंडाचा ब्लॉक आणि त्यावर अॅल्युमिनियमचे हेड. गिअरचा दांडा चाकाखाली, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, मागे पाटे. जवळपास नऊशे किलोच्या गाडीला ही शक्ती त्या काळच्या रस्त्यांना पुरून उरत होती.

माझी चूक

माझा भाचा अभियांत्रिकीला आहे. चारेक वर्षांपूर्वी एकदा त्याला घेऊन सोनकच्छला जात असता पन्नासच्या पुढे गाडी काकू करू लागली, आणि एका लक्झरी बसने आम्हांला अक्षरशः कडेला लावले. भाचा म्हणाला, “मामा, ही गाडी नाही, छकडा आहे. इंजिनाचे काही तरी करा.” मलाही ते बोचले. वाटले, वडिलांच्या गाडीची अशी अप्रतिष्ठा कशाला?

शहरातल्या एका गॅरेजात गाडी टाकली. तेथील तरुण मालकाने मोठ्या उत्साहाने यादी केली. हेड छिलून दाब वाढवायचा, मोठा कार्बोरेटर बसवायचा, हवेच्या वाटा घासून गुळगुळीत करायच्या, सायलेन्सर रुंद करायचा. यांत खोटे काही नव्हते. शर्यतीच्या मैदानांवर वर्षानुवर्षे हेच केले गेले आहे. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अशाच साध्या घरगुती गाड्या सजवून शर्यतीत उतरवल्या जात. महिनाभराने गाडी मिळाली. तिचा आवाज बदलला होता, पिकअप बदलला होता, आणि खरे सांगायचे तर मीही बदललो होतो. काटा नव्वदाला टेकला तेव्हा मी पंचविशीत असल्यासारखा हसलो.

त्या यादीत ब्रेकचा उल्लेख नव्हता. त्याने केला नाही आणि मी विचारला नाही. दोष देणार असेन तर मी स्वतःलाच देतो; कारण गाडी माझी, आणि ताल शिकवणारा मास्तरही मीच.

कोजागिरीची रात्र

सोनकच्छला कोजागिरीची एक छोटी बैठक होती. माझ्या शेजारच्या आसनावर आमचे तबलावादक स्नेही. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी वडील. घरोब्यामुळे आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. मागे तबला-डग्गा आणि तंबोरा. संध्याकाळची वेळ. मालव्यात ते दिवस सोयाबीन काढणीचे. रस्त्यावर ट्रॉल्यांची रीघ असते, आणि त्यांना मागे दिवा क्वचितच असतो.

गावाच्या अलीकडे डाव्या हाताच्या कच्च्या वाटेवरून एक ट्रॅक्टर ट्रॉलीसह रस्त्यावर आला. मी सत्तर-ऐंशी पावलांवरून त्याला पाहिले. वेळ होता, असे त्या क्षणीही वाटले. पाय दाबला. गाडी थांबण्याऐवजी उजवीकडे ओढली गेली. पुढचा एक ब्रेक धरत होता, दुसरा धरत नव्हता. टायर किंचाळले, गाडी अर्धी फिरली आणि तिची डावी बाजू ट्रॉलीच्या मागच्या फळीवर आपटली. नानांनी आधारासाठी डावा हात पुढे टेकला होता. त्यांच्या आसनाला पट्टा नव्हता. मनगटाची दोन हाडे मोडली.

तबलावादकाचे डावे मनगट म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगावे लागू नये. डग्ग्यावरची घुमार बोटांतून निघते, पण ती खेचायची, दाबायची, वळवायची ती मनगटाने. देवासच्या इस्पितळाच्या बाकावर प्लास्टरची वाट पाहत बसलेले नाना मला एवढेच म्हणाले, “मास्तर, ट्रॅक्टर दिसला तेव्हा अंतर पुष्कळ होते हो.” त्यांच्या बोलण्यात राग असता तर बरे वाटले असते. पुढे पाच महिने त्यांनी डग्ग्याला हात लावला नाही, आणि ते पुन्हा वाजवतील की नाही हे त्यांतले निदान तीन महिने कोणालाच सांगता येत नव्हते.

दीडपटीचा हिशेब

गाडी ओढून सोनकच्छच्या त्या शेडमध्ये नेली, म्हणून मिस्त्रींची गाठ पडली. त्यांनी बॉनेट उघडले, नवा कार्बोरेटर पाहिला, हेडवरून बोट फिरवले आणि खाली बसून पुढच्या चाकाचा ड्रम उतरवला. आत लायनर तेलकट झाले होते. व्हील सिलिंडर गळत होते. वर पाहून ते म्हणाले, “मास्साब, दौड़ेगी तो बाद में, पहले रुकेगी कहाँ, ये बताओ.”

हा सवाल मी मनात घेऊन घरी आलो आणि कागदावर हिशेब मांडला. शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान असे सांगते की गाडी थांबवण्यासाठी जी शक्ती ब्रेकांना पचवावी लागते, ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. साठाऐवजी नव्वदच्या वेगाने गेलो, तर वेग झाला दीडपट. पण थांबण्याचे अंतर झाले सव्वादोन पट. लयकारीच्या भाषेत बोलायचे तर पाय आडीत चालतो आणि ब्रेकला मात्र आडीची आडी वाजवावी लागते. ब्रेक दाबला जाण्यापूर्वी विचारात जाणारा एक सेकंद वेगळाच. नव्वदच्या वेगात त्या एका सेकंदात गाडी पंचवीस मीटर जाते. माझ्या सत्तर-ऐंशी पावलांतली निम्मी तेथेच संपली होती.

ड्रमच्या ब्रेकचा आणखी एक स्वभाव आहे. ते तापले की लोखंडी ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरतो, लायनरची पकड उतरते, आणि पायाखालची पट्टी खाली खाली जाऊ लागते. एकदा जोराने थांबवले तर कळत नाही. लागोपाठ दोन-तीनदा थांबवावे लागले की कळते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. वर्षानुवर्षे बदलले नाही तर ते लवकर उकळते, मग पाय नुसता वाफेवर पडतो.

उलट बाजूने पाहावे, तर इंजिनावर केलेल्या खर्चातून मिळते काय? मोठ्या वेगात गाडीचा मुख्य शत्रू वारा. त्याला तोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. चाळीस अश्वशक्तीची पंचेचाळीस केली, तर शंभराच्या वेगाचे एकशे चार होतात. या चार किलोमीटरांसाठी मी महिनाभर गाडी टाकली होती, आणि नानांचे मनगट मोडले होते.

इंदूरची ड्यूसेनबर्ग

वेगवान मोटारींचा शौक इंदूरला नवा नाही. यशवंतराव होळकर महाराजांसाठी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीने सांगाडा आणि इंजिन दिले, आणि लंडनच्या गर्नी नटिंगने त्यावर दोन आसनांची स्पीडस्टर चढवली. मोटारींच्या जगात ती आजही ‘महाराजा ऑफ इंदूर’ याच नावाने ओळखली जाते. तिच्या इंजिनाला सुपरचार्जर होता. तशा इंजिनाची शक्ती ३२० अश्वांची असल्याचा कंपनीचा दावा होता. आपल्याकडचे शौकीन हा आकडा तोंडपाठ म्हणतात. मीही म्हणत असे.

पण याच कंपनीची दुसरी एक गोष्ट मला मोटार मोडल्यावर कळली. ड्यूसेनबर्ग बंधूंनी चारही चाकांना तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक बसवले, आणि तशी मोटार विक्रीला आणण्याचा पहिला मान त्यांच्याकडे जातो. १९२१ साली फ्रान्समध्ये ल मां येथे झालेली ग्रां प्री शर्यत त्यांच्या गाडीने जिंकली, त्यातही या ब्रेकांचा मोठा वाटा होता. ज्याला वळणापाशी उशिरा थांबता येते, तो सरळ रस्त्यावर अधिक वेळ पळू शकतो. बत्तीस वर्षांनी, १९५३ साली, त्याच ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्क ब्रेकांच्या बळावर बाजी मारली. सुपरचार्जरचा आकडा आपण लक्षात ठेवतो. पण ते घराणे उभे राहिले ते थांबण्याच्या विद्येवर.

गाण्यात तरी याहून वेगळे काय आहे? नवा विद्यार्थी तान शिकायला उतावीळ असतो. मी त्याला आधी ठेका धरून समेवर यायला लावतो. ज्याला समेवर येता येत नाही, त्याची तान कितीही दाणेदार असो, ती पळापळ ठरते. हे मी वीस वर्षे मुलांना सांगत आलो. गाडीच्या वेळी मात्र विसरलो.

मिस्त्रींचा क्रम

मिस्त्रींनी गाडी चार महिने ठेवून घेतली. मी पंधरवड्याला जात असे आणि एकेक गोष्ट पाहत असे. ज्या क्रमाने त्यांनी काम केले, तोच क्रम येथे देतो; कारण यात क्रमालाच महत्त्व आहे.

पहिले ब्रेक. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर आणि रबरी नळ्या नव्या. ड्रम लेथवर लावून गोल केलेले. लायनर चारही चाकांना एकाच जातीचे. मी डिस्क ब्रेकांचा विषय काढला. ते म्हणाले, बसतात. पण चाकाचा दांडा, रिम, मास्टर सिलिंडर हे सगळे एकमेकांना जुळावे लागते. एका गाडीची डिस्क आणि दुसरीचा सिलिंडर वेल्डिंगने जोडून दिला, तर आहे त्यापेक्षा वाईट. धड असलेले ड्रम साठ-पासष्टच्या वेगाला पुरेसे आहेत.

दुसरे टायर. माझ्या टायरांची नक्षी चांगली होती, म्हणून मी निर्धास्त होतो. मिस्त्रींनी टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर अकरा वर्षांचे निघाले. रबर वयाने कडक होते आणि रस्ता धरत नाही. क्वचित चालणाऱ्या जुन्या गाडीत हा धोका सर्वांत मोठा, कारण तेथे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. चारही रेडियल घातले. दोन रेडियल आणि दोन जुन्या पद्धतीचे असा मेळ कधी करू नये, हेही बजावले. त्याबरोबर किंगपिन, टाय रॉड, शॉक अॅब्सॉर्बर आणि शेवटी चाकांचे अलाइनमेंट.

तिसरे पट्टे आणि दिवे. पुढच्या दोन्ही आसनांना तिहेरी पट्टे बसले; नुसते आसनाला नव्हे, तर सांगाड्याच्या भक्कम भागाला पत्रा जोडून. दिवे हॅलोजनचे केले आणि त्यांना रिले दिला, म्हणजे जुन्या स्विचवर भार येत नाही.

चौथे पाणी. वर अॅल्युमिनियम, खाली लोखंड. दोन्ही सारखे प्रसरण पावत नाहीत. गाडी एकदा भयंकर तापली की हेड वाकते आणि गॅसकेट जाते. रेडिएटरची जाळी उघडून साफ केली. पूर्वीच्या कोणी तरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. तो परत बसवला. त्यावाचून इंजिन थंड राहते हा आपल्याकडचा गैरसमज आहे. इंजिनाला अवेळी थंडपणाही मानवत नाही.

पाचवे पेट्रोल. मे महिन्यात घाटात फियाट बंद पडली की पेट्रोल पंपावर ओले फडके टाकायचे, हे आपल्या सर्वांच्या लहानपणीचे दृश्य. इंजिनाला चिकटलेला पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. टाकीजवळ विजेचा छोटा पंप बसवल्यावर ते फडके सुटले. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या रबरी नळ्या आणि पडदे त्याने फुगतात, चिरतात आणि गळतात. गळते पेट्रोल आणि तापलेले इंजिन यांची गाठ पडू नये म्हणून त्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या.

या पाच गोष्टी झाल्यावरच मिस्त्रींनी इंजिनाला हात लावला. छिललेले हेड काही भरून येत नाही. जाड गॅसकेट घालून त्यांनी दाब उतरवला. मोठा कार्बोरेटर काढून मूळचा साफ करून बसवला. व्हॉल्व्ह घासले, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, टॅपेटचे अंतर पातीने मोजून लावले, आणि पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ते ऐकत बसले. मलाही ऐकवले. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास. चार सिलिंडरांत प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट. म्हणजे सेकंदाला शंभर कंपने. पेटीवर पांढरी पाचच्या आसपासचा हा खर्जातला स्वर. एक सिलिंडर चुकला की ठेक्यातून मात्रा गळावी तसा तो खुडतो. गॅरेजातून आणलेल्या त्या ‘पळत्या’ इंजिनातही अशी एक मात्रा गळत होती; रुंद सायलेन्सरच्या गडगडाटात मला ती ऐकू आली नव्हती.

आणि आता गंमत ऐका. मूळच्याच भागांवर उभी असलेली ही गाडी आज चढावर पहिल्यापेक्षा सरस चालते. पन्नासच्या पुढे ती जी अडत होती, त्याचे कारण शक्ती कमी हे नव्हते. तिची शक्ती झिजलेल्या रिंगांतून, अर्धवट बसणाऱ्या व्हॉल्व्हांतून आणि चिकटलेल्या ब्रेकांतून वाटेतच गळत होती. म्हणून नवे काही विकत घेण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. पुष्कळदा आपल्याला जी सुधारणा हवी असते, ती निव्वळ दुरुस्ती असते.

दुसऱ्याचे इंजिन

भाच्याचे समाधान मात्र झाले नव्हते. १९८५ साली आलेल्या प्रीमियर ११८ एनईमध्ये निस्सानचे ११७१ घन सेंटिमीटरचे इंजिन होते. ते पद्मिनीत बसवणारे हौशी आहेत, आणि ती जोडी एकाच घराण्यातली असल्याने बरी जमते. त्याहून आधुनिक इंजिने घालणारेही आहेत. भाचा म्हणाला, “मामा, एकदाच खर्च करा आणि सुटा.”

यात पहिली अडचण कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या कागदात लिहिलेल्या मूळ गोष्टी मनास येईल तशा बदलता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी, मागाहून नव्हे. नाही तर अपघाताच्या वेळी विम्याची मंडळी तोंड फिरवतात. शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. माझी गाडी २०३२ साली पन्नाशीत येईल. आज इंजिन बदलले तर ते दार तिला बंद होईल.

दुसरी अडचण माझ्या मनाची, आणि ती सांगताना एका थोर माणसाचे नाव घ्यावे लागते याचा संकोच वाटतो. पंडित कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारात देवासला आले. काही वर्षे गाणे बंद होते. पुढे ते गायला बसले, तेव्हा पूर्वीचा लांब दम उरलेला नव्हता. त्यांनी दुसऱ्याच्या दमाची नक्कल केली नाही. होता तेवढ्या श्वासात काय बसते याचा शोध घेतला, आणि त्या आखूड, धारदार स्वरवाक्यांतून जे गाणे उभे राहिले, ते त्यांच्यापूर्वी कोणी ऐकले नव्हते. देवासवरून जाताना मला नेहमी वाटते, की मर्यादा ओळखणे आणि हार मानणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत! जुन्या गाडीचे सामर्थ्य चाळीस अश्वांचे असेल, तर त्या चाळिसांतला एकही वाया जाऊ न देणे हीच तिची खरी सुधारणा.

एक गोष्ट मात्र पैशाने बसवता येत नाही, ती म्हणजे निगा. देवास थोरल्या पातीच्या दरबारात १९२१ साली खासगी चिटणीस म्हणून आलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्याकडे बागा, अतिथिगृह आणि वीजघर यांच्याबरोबर मोटारींचेही खाते होते. दरबारच्या प्रत्येक मोटारीमागे असा मोटारखाना उभा असे. आपल्या दारातल्या गाडीमागे आपणच आहोत. दर पंधरा दिवसांनी ती वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी, दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे, आणि लांब जाण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात एकदा जोराने थांबवून ती सरळ उभी राहते का, हे पाहावे. कोणी एकदम इंजिनापासून यादी सुरू केली, तर नम्रपणे किल्ली परत मागावी.

नानांचा हात आता चालतो. थंडीत दुखतो, असे त्यांच्या घरच्यांकडून कळते; ते स्वतः बोलत नाहीत. गेल्या कोजागिरीला सोनकच्छची बैठक पुन्हा ठरली. मी त्यांना बसने येण्याविषयी सुचवले होते. संध्याकाळी ते तबला-डग्गा घेऊन आमच्याच दारात आले, पुढच्या आसनावर बसले, पट्टा स्वतः ओढून लावला आणि म्हणाले, “चला मास्तर. साठाच्या वर जाऊ नका, म्हणजे झाले.”

साठाच्या वर गेलो नाही. डावीकडची बाजू धरून चाललो. ट्रक, बसा, भाच्याच्या वयाची मुले, सारी पुढे निघून गेली. गावाच्या अलीकडे त्याच कच्च्या वाटेवरून एक ट्रॉली रस्त्यावर येत होती. मी पाय दाबला. गाडी सरळ रेषेत, कुरकुर न करता उभी राहिली, आणि ट्रॉलीच्या नि आमच्या मध्ये चांगली पंधरा-वीस पावले मोकळी उरली. नानांनी हात पुढे टेकला नव्हता.